पात्यावर नाव कोणाचे? : हातघडणीच्या कुकऱ्या आणि त्यांचे संग्राहक

२००३ साली काठमांडूतल्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात पडून असलेला नेपाळचा शस्त्रसाठा दोन अमेरिकी व्यापारी कंपन्यांनी विकत घेतला. राणा राजवटीत साचत गेलेल्या त्या ढिगात बंदुका होत्या, संगिनी होत्या, तोफा होत्या आणि हजारो कुकऱ्याही होत्या. वर्षानुवर्षांच्या ग्रीसचे आणि धुळीचे थर त्यांच्यावर चढलेले. साफसूफ होऊन त्या जगभरच्या बाजारात आल्या, तेव्हा कुकऱ्या जमवणाऱ्यांची गणितेच बदलली. तोवर राणाकालीन नेपाळी सैन्याची कुकरी एखाद्या लिलावात क्वचित दिसायची. आता ती घरपोच मिळू लागली. ज्यांनी आधी चढ्या भावाने घेतली होती ते हळहळले. ज्यांना अभ्यास करायचा होता त्यांच्यापुढे मात्र प्रथमच एकाच ठिकाणचा, एकाच सैन्याचा एवढा मोठा साठा आला.

त्या घटनेने एक प्रश्न नीट विचारायला भाग पाडले, तो म्हणजे दुर्मिळ कुकरी कोणती म्हणायची? जुनी? शिक्का असलेली? चांदीने मढवलेली? लढाईत वापरलेली? संग्राहकांच्या दुनियेत या चारही उत्तरांना गिऱ्हाईक आहे आणि प्रत्येकात थोडे तथ्यही आहे. माझे मत आधीच सांगतो. या सगळ्या चर्चेत कुकरी कोणी कंबरेला लावली हे बारकाईने शोधले जाते, पण ती कोणी घडवली हे जवळजवळ कोणी विचारत नाही. संग्रहांच्या नोंदवह्यांत पलटणीचे नाव असते, लढाईचे असते, ज्या साहेबाच्या घरून ती आली त्याच्या घराण्याचे असते. लोहाराच्या नावाची जागा रिकामी असते. या छंदातले खरे दुर्मिळ काही असेल तर ती ही माहिती आहे.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. नेपाळीत खुकुरी, आपल्याकडे कुकरी. सर्वसाधारण कुकरीचे पाते दहा ते बारा इंच, मुठीसकट लांबी सोळा-अठरा इंच आणि पात्याची पाठ जाडजूड. पाते मध्यावर पुढे वाकलेले आणि वाकणाच्या पुढे रुंद असते, त्यामुळे वजन टोकाकडे जाते आणि घाव कुऱ्हाडीसारखा बसतो. धार मात्र चाकूची. म्हणून एकच हत्यार लाकूड फोडते, झुडपे तोडते, बोकड कापते आणि भाजीही चिरते. नेपाळच्या डोंगराळ गावांतल्या बहुतेक कुकऱ्यांनी रणांगण कधीच पाहिलेले नाही, त्यांनी सरपण पाहिले आहे. मुठीजवळ धारेच्या बाजूला एक खाच असते, तिला काउडी म्हणतात. तिचा अर्थ कोणी गाईचे खूर सांगतो, कोणी त्रिशूळ, तर कोणी ती रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून असल्याचे सांगतो. यातले एकही स्पष्टीकरण पुराव्याने ठरलेले नाही. मुख्य पात्याबरोबर म्यानात दोन छोटी हत्यारे असतात. एक कर्द, म्हणजे बारीक कामाचा छोटा चाकू. दुसरा चकमक. त्याला धार नसते. पात्यावर घासून धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला तो कामी येतो. म्यानाला दाप म्हणतात. लाकडाच्या दोन फाळ्या जुळवून त्यांवर म्हशीचे कातडे चढवलेले असते.

पाते घडवणारा कामी, म्हणजे विश्वकर्मा समाजाचा लोहार. दाप शिवणारा सार्की. राणा जंगबहादुराच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने या दोन्ही जातींना अस्पृश्य ठरवून कायद्याच्या उतरंडीत तळाशी बसवले. ज्या राजवटीचे शस्त्रागार त्यांच्या हातच्या पात्यांनी भरत होते, त्याच राजवटीचा हा कायदा. नेपाळने तो १९६३ साली बदलला आणि जातीय भेदभाव व अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा २०११ साली केला. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. डोंगराळ नेपाळात कामीला वर्षाकाठी ठरलेले धान्य मिळे. विळे, कोयते, कुकऱ्या घडवून द्यायच्या, बोथटल्या की शेवटून द्यायच्या आणि सुगीला धान्य न्यायचे. या पद्धतीला तिकडे बाली म्हणतात. आपल्या बलुतेदारीतल्या लोहाराचे तेच होते. गावाचे त्याच्यावाचून चालत नव्हते आणि त्याचे नाव कुठे लिहिलेही जात नव्हते. जुन्या कुकऱ्यांवर कारागिराचे नाव सहसा का सापडत नाही, याचे मोठे कारण इथे आहे.

आज कामीच्या आरनात, म्हणजे भट्टीच्या शाळेत, कच्चा माल बहुधा भंगारातून येतो. ट्रकच्या कमानपाट्या यासाठी उत्तम. त्यांचे पोलाद चिवट असते आणि त्यात कार्बन पुरेसा असतो. पाटीचा तुकडा कोळशावर लाल-केशरी करायचा, एकाने सांडशीत धरायचा आणि दुसऱ्याने घण घालायचे. आकार आला की कानस. मग सगळ्यात अवघड काम, पाणी देणे. पाते ठरावीक रंगावर आले की कामी किटलीच्या तोटीतून धारेच्या बाजूनेच पाणी सोडतो. पाणी कुठे थांबवायचे, कुठे परत फिरवायचे हे सगळे नजरेवर चालते. धारेची कडा झटकन थंड होऊन कडक बनते, पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. कडक पाठीची कुकरी गाठीच्या लाकडावर मोडेल, मऊ धारेची दुसऱ्या घावाला वाकेल. एकाच पात्यात हे दोन स्वभाव किटलीच्या पाण्याने साधणे हे या कलेचे मर्म आहे आणि फोटोत ते दिसत नाही. मूठ अक्रोडाची, शिसवीची किंवा म्हशीच्या शिंगाची. जुन्या पद्धतीत पात्याचे मागचे निमुळते टोक मुठीत घालून लाखेच्या मिश्रणाने पक्का करतात. दुसऱ्या पद्धतीत पोलाद मुठीच्या पूर्ण लांबीरुंदीचे असते आणि दोन्ही बाजूंनी फळ्या रिवेटने बसवतात. तिला पानावल म्हणतात.

प्रकारांची नावे ऐकायला गोड आहेत, आणि त्यांचाच बाजारात सर्वाधिक गैरवापर होतो. सिरुपाते म्हणजे सिरु गवताच्या पात्यासारखी सडपातळ. बुढुना नावाच्या माशावरून बुढुना, पोटाकडे रुंद. आङखोला म्हणजे पाठीलगत खोल पन्हळ असलेली. पन्हळीमुळे वजन घटते पण बळ टिकते. पात्यावर दोन किंवा तीन पन्हळी काढल्या की चिर्रा. याखेरीज गावांवरून पडलेली नावे : पूर्व नेपाळातल्या भोजपूरची भोजपुरे, चैनपूरची चैनपुरे. भोजपूरची ख्याती जुनी आहे आणि तिथले लोहार आजही कुकरी घडवतात. पण 'भोजपुरे' म्हणून विकली जाणारी प्रत्येक कुकरी भोजपूरची नसते. ते आता घाटाचे नाव झाले आहे आणि ती धरानला, काठमांडूला, अगदी देहरादूनलाही तयार होते. चांगला विक्रेता घाट आणि गाव हा फरक स्वतःहून सांगतो. जो सांगत नाही त्याच्याकडून जुनी वस्तू घेऊ नये, नवी घेताना दोनदा विचार करावा.

वयाचा प्रश्न संग्राहकांना सर्वात जास्त छळतो. काठमांडूच्या छाउनी भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात गोरखाचा राजा द्रव्य शाह याची म्हणून एक कुकरी दाखवली जाते. त्याने गोरखा जिंकले ते १५५९ साली, म्हणून तिला सर्वात जुनी ज्ञात कुकरी मानण्याची प्रथा आहे. कुकरी सिकंदराच्या सैनिकांच्या वाकड्या तलवारीपासून आली, हा सिद्धांतही पुस्तकांत वारंवार भेटतो. आकाराचे साम्य आहे, पण मधल्या दोन हजार वर्षांची साखळी कोणी जोडून दाखवलेली नाही. तेव्हा विक्रेत्याने सिकंदराचे नाव काढले की आपण पाते बघावे. भक्कम जमीन लागते ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७९३ मध्ये नेपाळला गेलेल्या विल्यम कर्कपॅट्रिकच्या १८११ साली छापलेल्या पुस्तकात कुकरीचे चित्र आहे. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात, देहरादूनजवळच्या नालापानीला बलभद्र कुँवरच्या लोकांनी इंग्रजांना अडवून धरले आणि जनरल जिलेस्पी तिथे पडला. त्यानंतर इंग्रजांनी १८१५ पासून गोरखा पलटणी उभ्या केल्या आणि कुकरी साहेबांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जाऊन बसली. लॉर्ड एगर्टनच्या १८८० च्या भारतीय शस्त्रांच्या सूचीत तिला जागा मिळाली. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत तर जोनाथन हार्करच्या हातात कुकरीच आहे.

या काळातल्या पात्यांवरून काही ढोबळ खुणा हाताला लागतात. जुन्या कुकऱ्यांच्या मुठी सडपातळ, गुळगुळीत, बऱ्याचदा खाली झुकलेल्या असतात. मुठीच्या मध्यावर उठलेले कडे, जे आज बहुतेक कुकऱ्यांना दिसते, ते एकोणिसाव्या शतकात पुढे रूढ होत गेले. जुनी मूठ हाताला लहान वाटते. म्यान बदललेले असू शकते, कर्द आणि चकमक हरवून दुसरे घातलेले असू शकतात. शंभर वर्षांच्या वापरात हे होणारच, त्याला दोष मानू नये. मी तर उलट म्हणेन. वारंवार परजून धार दोन सुतांनी आत गेलेली, मुठीला तळव्याचा गुळगुळीतपणा आलेली खेड्यातली कुकरी ही कोऱ्या करकरीत लष्करी नगापेक्षा जास्त काही सांगते. बाजारात मात्र भाव उलटे आहेत.

लष्करी कुकऱ्यांवर थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्यावर सर्वाधिक लिहिले गेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्याने ठरावीक नमुने काढले. दोन्ही महायुद्धांत त्या हजारोंनी तयार झाल्या. त्यांवर वर्ष आणि तपासणीचे शिक्के असतात. शिक्का असल्यामुळे त्यांचे वय ठरवणे सोपे आणि त्यामुळेच शिक्के बनावट मारणेही सोपे. नव्या संग्राहकाने सुरुवात इथून करावी, कारण तुलना करायला भरपूर खरे नमुने उपलब्ध आहेत. १९४७ नंतर दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या, तेव्हापासून दोन्ही सैन्यांच्या कुकऱ्यांची वाटही वेगळी झाली.

मराठी संग्राहकासाठी सर्वात रसाळ भाग मला राणाकालीन नेपाळी सैन्याच्या कुकऱ्यांचा वाटतो. त्यातल्या लांब, निमुळत्या पात्याच्या घाटाला पाश्चात्त्य संग्राहकांत लाँगलीफ असे नाव आहे. लगन सिलेखान्यातून आलेल्या कितीतरी पात्यांवर देवनागरीत अक्षरे आणि आकडे ठोकलेले आहेत : पलटणीचे नाव, नग क्रमांक, क्वचित वर्ष. पाश्चात्त्य संग्राहक ती अक्षरे भिंगाखाली धरून, दुसऱ्या कोणाला विचारून लावत बसतात. आपल्याला ती सरळ वाचता येतात, फक्त नेपाळी सरकारी लघुरूपांची सवय करून घ्यावी लागते. वर्ष असेल तर ते विक्रम संवतातले. त्यातून छप्पन-सत्तावन्न वजा करायचे, म्हणजे १९७० हा आकडा आपल्या १९१३-१४ चा. एवढे न कळल्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या काळातले पाते सत्तरच्या दशकातले म्हणून स्वस्तात सुटल्याचेही होऊ शकते आणि नवे पाते जुने म्हणून गळ्यात पडल्याचेही. आपल्याकडच्या कोणी हे शिक्के पद्धतशीर वाचून, पलटणवार लावून मराठीत मांडले तर ते जगातल्या कोणत्याही संग्राहकाला उपयोगी पडेल. हे काम अजून पडून आहे.

कोथीमोडा हा वेगळा दिमाख. मखमली म्यानावर चांदीचे जाळीकाम, मधोमध पलटणीचे चिन्ह. निवृत्त अधिकाऱ्याला, पाहुण्याला, मानाच्या प्रसंगी ती दिली जाते. इथे चांदीच्या कारागिराचे कौतुक करावे तितके थोडे, पण आतले पाते अनेकदा दुय्यम असते. विकत घेताना म्यान बाजूला ठेवून पाते एकटे पाहावे. शिंगाची मूठ ठीक. हस्तिदंताची मूठ असेल तर तो सौदा सोडून द्यावा, भारतात हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे.

नकलांचे म्हणाल तर काठमांडूच्या थमेलपासून दार्जिलिंगच्या चौरस्त्यापर्यंत पितळी सिंहमुखाच्या मुठी, पात्यावर कोरलेले ड्रॅगन आणि चमचमीत क्रोम यांचा सुकाळ आहे. त्या आठवणीची वस्तू म्हणून घेतल्या तर हरकत नाही, पण त्यांना नीट पाणी दिलेले नसते. खरी फसवणूक होते ती आम्लात बुडवून जुनी केलेल्या पात्यांत. खरा जुना गंज एकसारखा नसतो. तो म्यानाच्या तोंडाशी, काउडीत आणि मुठीच्या सांध्यात साठतो, पाठीवर वेगळा दिसतो, बाकी पात्यावर वापराची झीज असते. आम्लाचा गंज सगळीकडे सारखा खवल्यासारखा पसरतो. मुठीच्या सांध्यात काळपट लाख दिसते की पारदर्शक चिकटद्रव, हेही पाहावे. चिकटद्रव असला म्हणजे कुकरी नकलीच असे नाही, मूठ नंतर दुरुस्त झालेली असू शकते, पण विक्रेत्याने ते सांगायला हवे. आणि म्यानातून काढलेली कुकरी रक्त चाखल्याशिवाय परत घालत नाहीत, ही कथा सांगून कोणी भाव वाढवू पाहत असेल तर त्याला नमस्कार करावा. ज्या हत्याराने रोज लाकडे तोडायची त्याचा असा नेम कुठल्याच घराला परवडला नसता.

आजच्या हातघडणीच्या कुकऱ्यांकडे जुन्याचे भोक्ते नाक मुरडतात, ते मला पटत नाही. आज नेपाळात पन्हळीदार, जड पाठीच्या, जुन्या नमुन्यांवरून उतरवलेल्या अशा काही कुकऱ्या तयार होतात की राणा काळातल्या उत्तम पात्याशेजारी त्या मानाने बसतील. कित्येक कारखान्यांत वीजघण आणि ग्राइंडर आले आहेत. त्याने हातघडण संपली असे मी मानत नाही. आकाराचे ओबडधोबड काम यंत्राने झाले तरी पाणी देणे, वाक साधणे, तोल जमवणे हे माणसाच्या हातातच आहे. हातघडणीची खरी कसोटी एवढीच : हे पाते कोणत्या माणसाने पाणी देऊन उतरवले ते सांगता येते का? काही विक्रेते आता कारागिराचे नाव सांगू लागले आहेत, काही कामी पात्यावर स्वतःची खूण ठोकू लागले आहेत. या व्यवसायात गेल्या दोनशे वर्षांत झालेला सर्वात चांगला बदल मी हाच मानतो. कारण दुसरीकडे आरनातली तरुण पोरे आखातात आणि मलेशियात मजुरीला चालली आहेत. किटलीने पाणी देणारा म्हातारा हात थांबला की ते ज्ञान कुठल्या पुस्तकातून परत मिळणार नाही.

महाराष्ट्रात कुकरी आपण ओळखतो ती बहुधा सोसायटीच्या दारावरच्या गोरख्यामुळे किंवा ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक घेऊन गेलेल्या आयएनएस खुकरीमुळे. त्याच नावाची पुढची युद्धनौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. संग्रहाचा छंद इथे अजून थोड्यांचा आहे. त्यांच्यासाठी कायद्याचे दोन शब्द. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, केवळ घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसेल तर, शस्त्रास्त्र नियमांच्या यादीत येते. बहुतेक कुकऱ्या यात बसतात. परवाना लागतो की नाही हे त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर अवलंबून असते. गोरख्यांना कुकरीसाठी, शिखांना कृपाणासाठी असलेली सवलत इतरांना नाही. तेव्हा घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारावे, पावती जपून ठेवावी आणि ती घेऊन रस्त्यावर हिंडू नये. शंभर वर्षांपुढची वस्तू भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि देशाबाहेर नेता येत नाही. नेपाळातून अशी वस्तू आणायला तिथल्या पुरातत्त्व विभागाची परवानगी हवी. १९१७ चा शिक्का असलेली कुकरी आता शंभरी ओलांडून गेली आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विमानात ती फक्त चेक-इन केलेल्या सामानातून जाते.

सांभाळायची पद्धत सोपी आहे, पण कोकणात आणि मुंबईत ती काटेकोर पाळावी लागते. कातड्याचे म्यान ओल धरते, म्हणून पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर ठेवावे आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. बोटांचे ठसेही गंजाला पुरेसे होतात. जुना डाग सँडपेपरने घासून काढू नये, त्याबरोबर शिक्का आणि इतिहास दोन्ही जातात. आणि कुकरी उपसताना म्यान मुठीत आवळून धरू नये. जुन्या म्यानाची शिवण धारेने कापून बोटावर आल्याची उदाहरणे आहेत. म्यान पाठीच्या बाजूने धरावे.

आता खरेदीकडे. पैसे मर्यादित असतील तर शंका असलेल्या जुन्या पात्यापेक्षा, नाव सांगता येणाऱ्या कामीने घडवलेले नवे पाते घ्यावे. दुकानदाराला विचारा : कोणी घडवली, कोणत्या गावात, पोलाद कशाचे, दाप कोणी शिवला? उत्तर मिळाले तर तारखेसकट लिहून कुकरीबरोबर ठेवा. मिळाले नाही तर पुढच्या दुकानात हाच प्रश्न पुन्हा विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की विक्रेते लिहून ठेवू लागतील.